मोटार सुरू झाली का, तेवढं आधी विचारा

पत्र:

"नमस्कार. उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं (मोटारीत नवी तार भरून देण्याचं) दुकान आहे. दोन वर्षं झाली, शेतीपंप, स्टार्टर, सबमर्सिबल (बोअरच्या पाण्यात बुडालेली मोटार) यांच्या दुरुस्तीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. 62 व्हिडिओ झाले. 1,940 सबस्क्रायबर आहेत, त्यातले निम्मे व्हॉट्सॲपच्या 'तू मला कर, मी तुला करतो' ग्रुपमधले. चौदा महिन्यांपूर्वी 'बोअरचं पाणी दुप्पट! फक्त दोन वायरी बदला' हा व्हिडिओ 1 लाख 10 हजारांवर गेला. त्यानंतर जे टाकतो ते दोनशे-तीनशेवर अडकतं. व्हिडिओ अकरा-बारा मिनिटांचे असतात, माणसं सरासरी 1 मिनिट 50 सेकंद थांबतात. जाहिरातींच्या पैशांसाठी वर्षात 4,000 तास व्हिडिओ बघितले जावे लागतात, माझे वर्षाचे 420 भरलेत. सोबत 'थ्री फेज स्टार्टर संपूर्ण माहिती, भाग 7'चा, माणसं कुठवर थांबली ते दाखवणारा आलेख पाठवलाय. चांगला कॅमेरा घेऊ का? व्हिडिओ किती वाजता टाकावा? हॅशटॅग चुकतायत का? आणि बायको म्हणते, जरा शुद्ध बोला. काय करू?"
एक वाइंडर, कोल्हापूर

उत्तर:

दादा, कॅमेरा, वेळ आणि हॅशटॅग यांची उत्तरं पुढं देतोच. पण पत्रात एक आकडा नाही, आणि खरा आकडा तोच आहे: तुमचा व्हिडिओ बघून किती जणांच्या मोटारी सुरू झाल्या?

दुकानात मोटार भरून झाली की तुम्ही ती चालवून बघता, अँपिअर बघता, आवाज ऐकता आणि मगच गिऱ्हाइकाच्या ताब्यात देता. "दुकानात आज पन्नास माणसं येऊन गेली" म्हणून कुणी वाइंडर खूश होत नाही. चॅनलवर मात्र तुम्ही येऊन गेलेली माणसंच मोजताय.

तुमचा प्रेक्षक कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. शिरोळकडचा किंवा करवीरमधला शेतकरी विहिरीवर उभा आहे. शेतीची लाइन (वीज) या आठवड्यात रात्रीची आहे. ऊस वाळायला लागलाय, स्टार्टर धरत नाही आणि वायरमन फोन उचलत नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फोन, आणि नेटवर्क एक काडी. त्याला 'संपूर्ण माहिती' नको आहे. बिघाड स्टार्टरमध्ये आहे, लाइनमध्ये आहे की मोटारीत, आणि आपण हात लावण्यासारखा आहे का, एवढंच त्याला हवंय. ते कळलं की तो फोन खिशात घालणार. त्याने तुमचा व्हिडिओ तीन मिनिटं बघितला आणि मोटार चालू झाली, तर तो व्हिडिओ पास.

यूट्यूबलाही हळूहळू हेच उमगत गेलंय. सुरुवातीला तिथं क्लिकला किंमत होती. माणसं क्लिक करतात पण बघत नाहीत हे लक्षात आल्यावर 2012 मध्ये बघण्याच्या वेळेला महत्त्व दिलं गेलं. पुढं असंही दिसलं की माणूस अर्धा तास बघतो आणि तरी चरफडतच उठतो. म्हणून आता काही प्रेक्षकांना थेट विचारलं जातं: हा व्हिडिओ कसा वाटला, एक ते पाच तारे द्या. चार किंवा पाच तारे मिळाले तरच तो वेळ 'सार्थकी लागलेला' धरतात. प्रत्येकाला विचारणं शक्य नसतं, म्हणून मिळालेल्या उत्तरांवरून बाकीच्यांच्या समाधानाचा अंदाज बांधणारी यंत्रणा बसवली आहे. लाइक, डिसलाइक, शेअर, 'यात रस नाही' हे बटण, हे सगळं त्याच हिशेबात येतं. थोडक्यात, यंत्र व्हिडिओ ढकलत नाही. प्रत्येक माणसासमोर त्याला पटेल असं काय ठेवता येईल, ते शोधतं.

आता तुमच्या गाजलेल्या व्हिडिओकडे बघू. थ्री फेज सबमर्सिबल उलटी फिरत असेल तर पाणी कमी येतं, आणि कुठल्याही दोन फेजची अदलाबदल केली की ती सुलटी फिरून पाणी वाढतं. व्हिडिओतली माहिती खरी आहे. पण ती फक्त उलट्या फिरणाऱ्या मोटारीला लागू पडते. मोटार नवी बसवल्यावर, केबलचा जॉइंट पुन्हा मारल्यावर किंवा लाइनवर काम झाल्यावर असं होतं. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर, तुम्ही हे लिहिलं नाहीत. सरसकट 'दुप्पट' म्हणालात. ज्यांच्या बोअरला पाणीच उतरलंय, ज्यांचा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय, ज्यांच्या पाइपला भोक पडलंय, ते सगळे आत आले. त्यातल्या कुणीकुणी नीट चाललेल्या मोटारीच्या वायरी बदलून ती उलटी करून ठेवली असेल. अशा माणसाला तुमचं नाव पुन्हा दिसलं तर तो दाबणार नाही, आणि यंत्राने त्याची ती नापसंती टिपलेली असते. पुढचे व्हिडिओ पहिल्यांदा दाखवायला प्रेक्षक म्हणून बहुधा ही फसलेली माणसं आणि तुमचा तो व्हॉट्सॲप ग्रुप, एवढेच उरले. दोनशे-तीनशेवर गाडी तिथं अडकली.

तो व्हिडिओ उडवू नका. एक लाखावर व्ह्यूज गेलेला व्हिडिओ पार्टनर प्रोग्रामबाहेरच्या (यूट्यूबकडून पैसे मिळत नसलेल्या) चॅनलला स्टुडिओच्या, म्हणजे चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्या ॲपच्या, एडिटरमध्ये कापता येत नाही, पण शीर्षक आणि थंबनेल केव्हाही बदलता येतं. शीर्षक असं करा: 'नवीन बसवलेली सबमर्सिबल पाणी कमी देते? उलटी फिरत असेल, असं तपासा'. वरती एक कॉमेंट पिन करा: हा उपाय फक्त थ्री फेजला, दोन्ही दिशांनी एकेक मिनिट चालवून बघा, ज्या दिशेला पाणी जास्त ती बरोबर, दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर वायरी पहिल्यासारख्या करा, दोष दुसरा आहे. आणि त्या दुसऱ्या दोषाच्या व्हिडिओची लिंक द्या. व्ह्यूज कमी होतील, होऊ देत. डिसलाइकचा आकडा 2021 च्या नोव्हेंबरपासून बाहेर कुणाला दिसत नाही, तुम्हाला स्टुडिओत दिसतो. बदलाच्या आधीचा आणि नंतरचा महिना ताडून बघा.

आता भाग 7 चा आलेख. आम्हाला तुमच्या पत्रापेक्षा याने जास्त सांगितलं.

तीस सेकंदांवर 41 टक्के माणसं उरली आहेत. म्हणजे शंभरातली एकोणसाठ माणसं अर्ध्या मिनिटात उठून गेली. त्या तीस सेकंदांत आहे काय? बारा सेकंद हलगीच्या तालावर फिरणारा लोगो. मग "नमस्कार मित्रांनो", दुकानाचं नाव, दुकानाचा पत्ता, "चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राईब करा, घंटी दाबा". स्टार्टर पहिल्यांदा दिसतो चोपन्नाव्या सेकंदाला. विहिरीवरचा माणूस तोवर दुसऱ्याच्या व्हिडिओवर गेलेला असतो.

शीर्षकाने त्याला आत आणलं. आपण बरोबर ठिकाणी आलोय, हे त्याला पहिल्या पाच सेकंदांत दिसायला हवं. सुरुवात अशी करा: कॅमेरा फक्त स्टार्टरवर. बोट हिरवं बटण दाबतं, 'खट' आवाज येतो, मोटार उचलते. बोट सुटतं, पुन्हा 'खट', मोटार बंद. हे दोनदा दाखवा, काही न बोलता. मग तुमचा आवाज: "बटण दाबलं की उचलतोय, सोडलं की सुटतोय. तीन जागा बघायच्या. पहिल्या दोन तुम्ही बघू शकता, तिसऱ्या जागेला वायरमन लागतो. आधी मेन स्विच खाली घ्या आणि फ्यूज काढून खिशात ठेवा." वीस सेकंदांत झालं. त्याच्या मोटारीचा आजार त्याला कानाने ओळखू आला, पुढं काय मिळणार ते कळलं आणि जिवाचा धोकाही सांगून झाला. लोगो नको, हलगी नको. नाव कोपऱ्यात बारीक राहू दे. सबस्क्राईब करा हे सांगायचंच असेल तर उपाय दाखवून झाल्यावर, एका वाक्यात.

मधल्या भागात तुम्ही शाळा घेता. कॉन्टॅक्टर म्हणजे काय, रिले कसा काम करतो, मग लक्षणं आणि शेवटी उपाय. दुरुस्तीच्या व्हिडिओत हा क्रम उलटा लावा. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं आणि सगळ्यात सोपं कारण आधी. धरत नसलेल्या स्टार्टरला क्रम असा लागतो: तिन्ही फेज येतायत का आणि व्होल्टेज किती, मग ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटार बंद करणारा) पडलाय का, तो रिसेट करून बघणं, मग नो व्होल्ट कॉइल (वीज असेपर्यंत स्टार्टर धरून ठेवणारी) शाबूत आहे का, आणि धरून ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टवर काजळी बसलीय का. यातली लाइन तपासणी चालू पुरवठ्यावर होते, ती टेस्ट लॅम्प आणि मीटर हाताळायची सवय असलेल्यानेच करावी हे प्रत्येक वेळी बोलून दाखवा. बाकीचं सगळं लाइन बंद करून. थिअरी ठेवायची तर शेवटी ठेवा. ज्याला वेळ आहे तो थांबेल. ज्याची मोटार पहिल्याच पायरीवर चालू झाली तो जाईल, आणि त्याचं जाणं तुमच्या चॅनलच्या फायद्याचं आहे.

आलेखात 7 मिनिटं 40 सेकंदांवर एक उंचवटा आहे. तो बघून आम्हाला बरं वाटलं. रेष पडत पडत येते आणि मध्येच वर चढते, याचा अर्थ माणसं मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा बघतायत किंवा थेट तिथं उडी मारतायत. तिथं तुम्ही कॉइलच्या दोन वायरी कुठल्या टर्मिनलला जातात ते दाखवलंय, चार सेकंदांत, हाताच्या सावलीत. ज्यासाठी सगळे आले ते दृश्य चार सेकंदांचं, आणि लोगो बारा सेकंदांचा! पुढच्या वेळी ते पंचवीस सेकंद ठेवा: हात बाजूला, टर्मिनलवर रंगीत टेपचा तुकडा, आणि शेजारी कागदावर मार्करने काढलेली साधी आकृती पाच सेकंद स्थिर, म्हणजे स्क्रीनशॉट घेता येईल.

उंचवटा आणि खड्डा यांत गल्लत करू नका. अचानक खड्डा पडला तर तिथं कंटाळा आलाय किंवा अपेक्षाभंग झालाय. सावकाश उतार हा नेहमीचाच असतो. आणि पुन्हा पाहण्याचा उंचवटा दोन्ही अर्थांचा असू शकतो: आवडलं म्हणून पाहिलं, किंवा कळलं नाही म्हणून पाहिलं. कुठला ते कॉमेंट सांगतात.

कॉमेंटसाठी एक वही घाला. शेवटच्या शंभर कॉमेंट चार खान्यांत वाटा: 'चालू झाली', 'नाही झाली', 'पुढचा प्रश्न', 'नंबर द्या'. "छान माहिती" वगैरे सोडून द्या, ते कौतुक असतं, त्यातून मोटारीचं काही कळत नाही. 'नाही झाली'च्या प्रत्येक कॉमेंटमागे तुमच्या व्हिडिओत राहून गेलेली एक पायरी असते. तिथं "दुकानात या" असं उत्तर देऊ नका, गडहिंग्लजचा माणूस एका कॉइलसाठी उद्यमनगरात येणार नाही. तीन गोष्टी विचारा: किती एचपी, सिंगल की थ्री फेज, व्होल्टेज किती. चार-पाच उत्तरं सारखी आली की पुढच्या व्हिडिओचा विषय तयार.

तुमच्या सिंगल फेज पॅनेलच्या व्हिडिओखाली अशा कॉमेंटचा ढीग असणार याची आम्हाला जवळजवळ खात्री आहे, कारण त्यात तुम्ही तीन वायरींची जोडणी रंगावरून सांगता. रंग कंपनीगणिक वेगळे असतात आणि जुन्या बोअरला तर कुणीतरी मधे भलत्याच रंगाची केबल जोडलेली असते. तुमच्या रंगाप्रमाणे जोडून ज्याची मोटार नुसती गुणगुणत राहिली, त्याने व्हिडिओ पूर्ण बघितला असेल, लाइकही केलं असेल, आणि तरी तो असमाधानी आहे. तिथं रंग सांगण्याऐवजी मीटरची पद्धत दाखवा. लाइन काढून, केबल पॅनेलमधून सोडवून, तीन वायरींमध्ये दोन-दोनच्या जोड्या लावून ओम मोजायचे. सगळ्यात जास्त रीडिंग ज्या जोडीत येतं त्या स्टार्ट (मोटार उचलणारी) आणि रन (चालती ठेवणारी), म्हणजे उरलेली तिसरी कॉमन, दोन्हींना सामाईक. मग कॉमनपासून ज्या वायरीला कमी ओम ती रन, ज्या वायरीला जास्त ती स्टार्ट. ही पद्धत जवळजवळ सगळ्या कंपन्यांना लागू पडते, आणि असा व्हिडिओ माणसं भावकीच्या ग्रुपवर टाकतात.

प्रत्येक व्हिडिओखाली पहिली कॉमेंट तुमचीच पिन केलेली असू दे: "हे करून मोटार सुरू झाली का? झाली तर 'झाली' लिहा. नाही तर कितव्या पायरीवर अडलं ते लिहा." यूट्यूबची पाहणी कुणाला दिसेल ते आपल्या हातात नाही. ही आपली पाहणी आहे.

4,000 तासांचा हिशेब मांडू. 4,000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. माणूस 1 मिनिट 50 सेकंद थांबत असेल तर वर्षाला साधारण 1 लाख 31 हजार व्ह्यूज हवेत. तोच चार मिनिटं थांबला तर 60 हजार पुरतात. म्हणजे नवा प्रेक्षक न आणताही निम्म्याहून अधिक अंतर कापलं जातं. शिवाय हे तास मागच्या 365 दिवसांचेच धरतात. तुमच्या गाजलेल्या व्हिडिओचे सुरुवातीचे तास त्या खिडकीतून बाहेर पडले, म्हणून आकडा 420 वर आलाय. 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि 3,000 तास अशी एक खालची पायरीही आहे, पण तिच्यात जाहिरातींचा वाटा मिळत नाही, सदस्यत्व आणि सुपर थँक्ससारख्या सोयी मिळतात. आणि मिनिटं वाढवायची म्हणून व्हिडिओ ताणू नका. आठ मिनिटांच्या पुढं मधल्या जाहिराती लावता येतात म्हणून सहा मिनिटांचं काम नऊ मिनिटांवर नेणारे बरेच आहेत. विहिरीवरचा माणूस ते लगेच ओळखतो.

तुमच्याकडे भाग 7 सारखे बारा-बारा मिनिटांचे व्हिडिओ आहेत. त्यांतल्या एकेकाचे तीन होतात. 'स्टार्टर धरत नाही', 'स्टार्टर थोड्या वेळाने पडतो', 'मोटार गुणगुणते पण फिरत नाही', ही तीन वेगळी लक्षणं आहेत आणि तीन वेगळी माणसं ती शोधतात. 'भाग 7' असं कुणीच शोधत नाही. शीर्षकासाठी शब्द कुठून घ्यायचे? स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले ते दिसतं, त्यात 'यूट्यूब सर्च' उघडा, माणसांनी टाइप केलेले शब्द तिथं जसेच्या तसे असतात. पुष्कळजण मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तीही रूपं वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत येऊ देत. हॅशटॅगचं उत्तर एवढंच: फरक नगण्य.

चॅप्टर टाका, म्हणजे व्हिडिओचे वेळ आणि नाव दिलेले भाग पाडा. पहिला 0:00 पासून सुरू हवा, किमान तीन हवेत, आणि प्रत्येक दहा सेकंदांहून लहान नको. "माणसं उडी मारतील, वेळ कमी होईल" ही भीती सोडा. ज्याला कॉइलच बघायची आहे तो कॉइलवर उतरू दे. व्हिडिओच्या शेवटी 5 ते 20 सेकंदांची एंड स्क्रीन मिळते, तिथं तुम्ही 'सगळ्यात नवा व्हिडिओ' लावलाय. त्याऐवजी पुढची शक्यता लावा. स्टार्टर धरत नाही या व्हिडिओनंतर, कॉइल ठीक निघाली तर पुढं काय, तो व्हिडिओ. दुरुस्तीच्या चॅनलला माणूस एकदा येतो आणि काम झालं की विसरतो. परत यायचं कारण त्याला असंच मिळतं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आजच सोडा. सबस्क्राईबची देवाणघेवाण यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, हे एक. पण नियम नसता तरी तो तोट्याचाच धंदा आहे. त्या साडेनऊशेवर जणांत कुणी मेकअपचं चॅनल चालवतं, कुणी गेमिंगचं. तुमचा नवा व्हिडिओ त्यांच्यासमोर येतो, ते दाबत नाहीत, आणि तुमच्या पदरात काहीच पडत नाही. जुने सबस्क्रायबर काढत बसू नका. ते बघत नाहीत म्हटल्यावर त्यांना दाखवणं हळूहळू आपोआप कमी होतं.

थंबनेलचा क्लिक दर (ते दिसलेल्या शंभरांतले किती जण दाबतात) बघून घाबरू नका आणि फुगूही नका. यूट्यूबनेच दिलेला अंदाज असा की निम्म्या चॅनलचा दर 2 ते 10 टक्क्यांत असतो, आणि व्हिडिओ जास्त लोकांपुढं जाऊ लागला की दर उतरतोच. क्लिक दर चढा आणि पहिल्याच मिनिटात रेष खाली, असं दिसलं तर थंबनेलने जास्त कबूल केलंय. दर कमी आणि आलेख चांगला असेल तर माल चांगला आहे, पाटी वाईट आहे. थंबनेल 1280 बाय 720 ठेवा, तीन शब्दांच्या वर मजकूर नको, आणि उन्हात फोन धरून वाचता येतो का बघा. तीनपर्यंत थंबनेल लावून तुलना करायची सोय आहे आणि तिच्यात निवाडा बघण्याच्या वेळेवर होतो, पण दोनशे व्ह्यूजमध्ये निकाल लागणार नाही. ते पुढं बघू.

कॅमेरा घेऊ नका. तुमच्या व्हिडिओत चित्र बरं आहे, आवाज वाईट आहे. शेजारचा ग्राइंडर, पलीकडचं लेथ, वरचा पंखा. हजारभर रुपयांत वायरचा कॉलर माईक येतो, तो शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लावा, पंखा बंद ठेवा, आणि बोलण्याचा भाग शेजारचं दुकान बंद झाल्यावर वेगळा रेकॉर्ड करून चित्रावर बसवा. 'खट' आवाज मात्र खरा ठेवा. दुसरा खर्च एका एलईडी बल्बचा, बाजूने लावायचा, म्हणजे हाताची सावली टर्मिनलवर पडत नाही. अपलोड केल्यावर स्वतःचा व्हिडिओ 240 वर (कमी क्वालिटीवर) लावून बाहेर उन्हात बघा. शेतात एका काडीच्या नेटवर्कवर माणूस तसाच बघतो. त्यात टर्मिनलचा आकडा वाचता आला नाही तर तो शॉट पुन्हा घ्या.

शॉर्ट्स टाका, पण भरवसा ठेवून नको. 2024 च्या ऑक्टोबरपासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातो, आणि शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ तुमच्या 4,000 तासांत धरत नाहीत. एक लक्षण, एक तपासणी, चाळीस सेकंद, आणि 'रिलेटेड व्हिडिओ'त मोठ्या व्हिडिओची लिंक.

आणि वेळ. घड्याळातल्या वेळेने व्हिडिओच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. कॅलेंडरातल्या वेळेने पडतो, आणि इथं तुम्ही कोल्हापुरात बसलाय हा तुमचा मोठा फायदा आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मोटार कोरडी चालते, लाइनवर ओढ येते, व्होल्टेज पडतं. ते व्हिडिओ फेब्रुवारीतच चॅनलवर असायला हवेत. पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की काठावरच्या मोटारी काढायची धांदल उडते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका, पण शेतकरी त्याच्या आधीच मोटारी काढायला धावतो. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर पाण्याखाली गेलेल्या मोटारींच्या रांगा तुमच्या गल्लीने बघितल्यात. 'नदीवरची मोटार काढताना वायरींना खुणा कशा करायच्या' हा व्हिडिओ मेच्या मध्यापर्यंत हवा. 'पाण्यात बुडालेली मोटार लगेच चालू करू नका' हा जूनमध्ये. त्यात सांगा की आधी गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, उघडून वाळवायचं, मग मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावायचा, आणि इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली असेल तर लाइन द्यायचीच नाही. पूर ओसरल्यावर असा व्हिडिओ करायला बसलात तर उशीर होतो, कारण तेव्हा दुकानात तुम्हाला मान वर करायला वेळ नसतो.

सुरुवात भाग 7 पासूनच करा. स्टुडिओच्या एडिटरमध्ये पहिली 54 सेकंदं कापा, लिंक आणि कॉमेंट तशाच राहतात. शीर्षक लक्षणाचं द्या. मग त्याच विषयाचे तीन नवे व्हिडिओ महिनाभरात, आठवड्याला एकाहून जास्त नको. एका व्हिडिओच्या आलेखावरून काही ठरवू नका, थोड्या व्ह्यूजमध्ये रेष उगाच वरखाली होते. पाच व्हिडिओ झाले की तीस सेकंदांवरचे पाचही आकडे शेजारी मांडा. 41 चे 55-60 झाले तर वाट बरोबर आहे. व्ह्यूज तेव्हाही तीनशेच असतील, तरी क्रम बदलू नका. आधी थांबणारी माणसं वाढतात, येणारी नंतर.

वहिनींना सांगा, बोली बदलायची नाही. "मोटर कार्यान्वित होत नाही" असं कुणी विहिरीवर म्हणत नाही. "मोटार उचलंना झालीया" हे तुमच्या तोंडचं वाक्य ऐकून सांगली-साताऱ्यापासून निपाणीपर्यंतचा माणूस थांबतो. फक्त भागाभागात वस्तूंची नावं बदलतात. तुम्ही मोटार म्हणता, कुणी पंप म्हणतं, कुणी सबमर्सिबललाच बोअर म्हणतं. ती दोन-तीन नावं व्हिडिओत एकदा एकत्र उच्चारा आणि वर्णनात लिहा. बोलताना मात्र वेग कमी करा, विशेषतः टर्मिनलचा नंबर सांगताना. तो नंबर दोनदा सांगा, आणि दुसऱ्यांदा सांगताना बोट त्याच टर्मिनलवर ठेवा.